तुला पण येतोय का वास?

दादा,

आज सकाळपासून मी पुन्हा पुन्हा स्वयंपाकघरात जाते आहे. गॅस बंद आहे, दूध उतू गेलेलं नाही, कढईच्या तळाला काही लागलेलं नाही. तरी नाकाच्या मुळाशी तोच वास येऊन बसतो. गोड आणि कडू यांच्या सीमेवरचा, काहिलीच्या बुडाला धरलेल्या गुळाचा. मी खिडकी उघडते, पुन्हा लावते. पदराचं टोक हुंगते. हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणतात, "अगं, बस की जरा." बसता येत नाही. तू गेल्यापासून या घरातली प्रत्येक खुर्ची मला दुसऱ्याच कुणासाठी मांडल्यासारखी वाटते.

हा वास खरं म्हणजे तुझा. फिटचा झटका यायच्या आधी तो तुला यायचा, पुढे धाडलेल्या निरोप्यासारखा. डोळ्यांपुढे काजवे नाहीत, कानात घंटा नाही. फक्त करपलेला गूळ. डॉक्टरांनी तुला समजावलं होतं की असा वास बाहेर कुठे नसतो, तो मेंदूतल्या जुन्या जखमेच्या जागी उगवतो. ते तुला लगेच पटलं. आणि एवढं पटूनही राहायला तू निवडलंस इस्लामपूर! दसरा उलटला की होळीपर्यंत जिथे उसाचा रस कुठे ना कुठे उकळतच असतो, गुऱ्हाळाचा धूर जिथे दारातून आत येऊन घरच्या माणसासारखा टेकतो, त्या गावात तू खोली घेतलीस. तिथे गावाचा वास कुठला आणि तुझा कुठला, हे तुला एकट्याला कळणं शक्यच नव्हतं. म्हणून तू विचारायचास. हातातलं काम थांबवून, मान किंचित तिरपी करून, समोर जो असेल त्याला: "तुला पन येतोय का वास?"

"येतोय" असं उत्तर आलं तर तो गुऱ्हाळाचा. "न्हाई" आलं तर तो तुझा. मग तू वहाणा जोडीनं काढून ठेवायचास, चष्मा भिंतीकडे सारायचास, टॉवेलची घडी मानेखाली घेऊन बाजेवर कुशीवर आडवा व्हायचास आणि येणाऱ्याची वाट बघायचास. "वासाशी भांडायचं न्हाई, बारके," तू मला सांगायचास. "आपला असंल तर आडवं व्हायचं. लोकांचा असंल तर बसायचं कामाला."

आपलं भांडण मात्र यावरूनच होतं, आणि ते अर्धवट टाकून तू गेलास. तुरुंगातून सुटून तू आधी माझ्याकडे, सांगलीला आलास. मागची खोली मी सारवल्यासारखी स्वच्छ केली होती, खिडकीत मोगऱ्याची कुंडी ठेवली होती. तू राहिलास, आणि एक दिवस पिशवी भरू लागलास. मी कारण विचारलं. तू म्हणालास, "तुझ्या घरात मला खरं उत्तर मिळायचं न्हाई. तुला भ्या वाटतंय. मी इच्यारलं की तू कवाबी 'न्हाई'च म्हनशील, अन् मी जन्मभर आडवाच पडून ऱ्हाईन." मी चिडले. आजही मला ते मान्य नाही, दादा. मी तुला खोटं सांगितलं नसतं. निदान प्रत्येक वेळी तरी नाही.

तुझ्या दुखण्याचा जन्म मला ठाऊक होता. फलटणजवळच्या आपल्या रानात, पाण्याच्या पाळीवरून बांधावर भांडण पेटलं. तुझ्या हातातल्या फावड्याच्या दांड्यानं एक माणूस गेला, आणि त्याच्या भावाची काठी तुझ्या डोक्यात बसली. त्याचं मरण आणि तुझं दुखणं एकाच सकाळी सुरू झालं. तू ते कधी नाकारलं नाहीस, कोर्टात नाही आणि माझ्यापुढेही नाही. पुढे आत असताना तुला झटके येऊ लागले तेव्हा गाव म्हणालं, मेलेला अंगात येतो. तू म्हणालास, गोळी चुकली की येतो. इतकंच. रागावणं तुझ्या वाट्याचं त्या एका सकाळी संपून गेलं होतं जणू.

सांगली सोडून तू लांब गेला नाहीस आधी. माधवनगरला एका यंत्रमागवाल्यानं तुला कामावर घेतलं. आत तू विणकाम शिकला होतास ते त्याला कळलं. मी एकदा तिथे आले होते. सुताची पिंज हवेत तरंगत होती, तुझ्या भुवयांवर पांढरी बसली होती, आणि मागांचा खडखडाट असा की स्वतःचा श्वास ऐकू येऊ नये. त्या आवाजात तुझा प्रश्न कुणाला ऐकूच गेला नाही. तू विचारलंस, शेजारच्यानं नुसतं हसून मान हलवली, आणि तू चालत्या मागाजवळ पडलास. बाही अडकली, हात वाचला. मालक वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं तुला चहा पाजला, बाजेच्या नवारीचं एक मोठं रीळ तुझ्या काखेत दिलं आणि म्हणाला, "घरी बसून काय जमतंय का बघ." तू ते रीळ घेऊन माझ्या दारात उभा राहिलास तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर हरल्याची खूण शोधत मी किती वेळ बघत होते. तू हसत होतास. "बारके, बाजा विनतो. बाज विनताना पडलो तर पडंन कुठं? बाजंवरच की!"

आणि तू इस्लामपूरला गेलास. तिथला पहिला दिवस तू मला इतक्या वेळा सांगितलास की मी तिथे होते असंच मला वाटतं. गल्लीच्या तोंडाशी पिंपळाच्या पारावर सुभेदार तात्या बसलेले, सैन्यातून निवृत्त, मिशा पांढऱ्याशुभ्र, कान जवळजवळ बंद. त्यांनी हटकलं.

"कुठनं आलास रं?"

"फलटण."

"आं? कुठली पलटण?"

"फलटण, तात्या. फलटण!"

"पलटण हाय ते कळलं की रं गड्या. पन कुठली?"

तेवढ्यात समोरच्या घरातून पद्मक्का, हळदीनं पिवळ्या झालेल्या हातांनी सूप घेऊन बाहेर आली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात तिनं निकाल लावला: "फौजी हाय म्हनत्यात, फौजी!"

झालं. तू फौजी झालास. पुराव्याची गरजच पडली नाही. पुरावे तू अंगावर घेऊनच आला होतास. बारीक कापलेले केस. पहाटे उठणं. कांबळ्याची अशी चौकोनी घडी की तिच्या कडेनं बोट कापावं. पूर्ण नावानं हाक मारली की उभं राहणं. जेवताना ताटाभोवती हाताचं कुंपण, आणि ताटात शीतही न ठेवणं. तुरुंगानं शिकवलेलं सगळं तात्यांना आपल्या पलटणीतलं वाटलं. तुझ्या झटक्यांनासुद्धा मान मिळाला. सरहद्दीवर डोक्याला मार लागला असणार, हे गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं. आपल्या गावात ज्या दुखण्याला कांदा आणि चप्पल हुंगवत, त्याच दुखण्यापुढे इथे लोक आवाज खाली करत. तू त्यांना शिकवलंस: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आजूबाजूचं सामान सारायचं. फौजीचा हुकूम म्हणून सगळे शिकले. आणि तुझ्या घट्ट विणीला नाव पडलं मिलिटरी वीण. ढाबेवाले येऊ लागले, रानात राखणीला झोपणारे येऊ लागले, बाळंतिणीच्या बाजा येऊ लागल्या. तुझ्या खोलीत कोऱ्या सुताचा, खळीचा आणि नव्या लाकडाचा वास भरून राहिला. माझ्या नाकाला तो श्रीमंतीचा वाटायचा.

मला तो शब्द आवडला होता, दादा. फौजी. तुझ्या ताठ पाठीवर तो शोभत होता. तू अस्वस्थ झालास तेव्हा मी म्हटलं, "राहू दे की. एका अक्षराचा तर फरक आहे." तू नवार ओढत होतास, गुडघा चौकटीला लावून, दात आवळून. गाठ बसवलीस. मग म्हणालास, "एका अक्षरावर किती दिस बसू? रोज मी गल्लीला इच्यारतोय, वास येतोय का. रोज त्यास्नी खरं बोलाया लावतोय. अन् मी त्यास्नी काय दिलंय? खोटं."

"तू कुठे खोटं बोललास? त्यांनी चुकीचं ऐकलं."

"पुस्तकातलं बोलू नगंस."

मग ते झेंडावंदन. गल्लीतल्या मंडळानं माजी सैनिकांचा सत्कार ठरवला. तात्यांच्या शेजारची खुर्ची तुझी. मला वाटलं तू काहीतरी निमित्त काढून टाळशील. तू मला बोलावून घेतलंस. थंडी होती. जिलेबीच्या तुपाचा वास, चुन्यानं आखलेल्या रेषा, आणि झेंड्याची दोरी वाऱ्यानं खांबावर टकटक वाजत होती. तुझं नाव पुकारलं. तू सवयीनं ताडकन उभा राहिलास, आणि शाल पुढे आली तेव्हा दोन्ही हात मागे घेतलेस.

"शाल ऱ्हाऊ द्या," तू म्हणालास. माईक तुझ्यापुढे नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "मी फलटणचा हाय. तात्यास्नी पलटण ऐकू आलं, अन् मी गप बसलो. मी फौजेत न्हवतो. जेलात हुतो. माझ्या हातनं मानूस मेलाय. दुखनं बी तिथलंच. आता काय म्हनायचं ते म्हना."

टकटक, टकटक. मग मागून कुणीतरी खिदळलं, "म्हंजी जेलची बाज व्हय आमची!" कुणी हसलं नाही. तात्यांनी कानामागे हात धरून विचारलं, "काय म्हनला?" आणि पद्मक्कानं त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा विझताना मी पाहिला. ते उठले आणि घरी गेले.

त्याच संध्याकाळी ढाबेवाल्याचा निरोप आला, बाजा नकोत. तू मान हलवलीस. मी स्टोव्हवर पिठलं केलं. मला तुला सांगायचं होतं की तू शाल नाकारलीस तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो भीतीचा नव्हता. मी म्हणाले, "जेवून घे." इतकी वर्षं पुस्तकांच्या संगतीत काढूनही मला तेवढेच दोन शब्द सापडले.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मी कशी विसरेन? पद्मक्काच्या लेकीच्या बाळंतपणासाठीची बाज अर्धी विणून पडली होती. तू नवार हातात घेतलीस, आणि थांबलास. मान तिरपी झाली. मी दारापाशीच होते. तू मला विचारू शकला असतास. नाही विचारलंस. उठलास, उंबरठ्यावर गेलास आणि नेहमीसारखं गल्लीला विचारलंस, "वास येतोय का?"

नळावर बायका होत्या. कुणी वर बघितलं नाही. हंड्यात पडणाऱ्या पाण्याचा सूर चढत गेला. समोरचं एक दार लागलं. मला वास येत होता, दादा, लख्ख येत होता, ओठांवर चव यावी इतका. पण मी तोंड उघडलं नाही. हे उत्तर माझं नव्हतं, एवढं मला त्या क्षणी कळलं. तुझी सगळी कमाई त्या एका होकारात किंवा नकारात अडकली होती. कुणी बोललंच नसतं तर तुला तिथे राहता आलं नसतं. पिशवी भरून तू पुन्हा माझ्या मागच्या खोलीत आला असतास, आणि मोगऱ्याच्या वासात जन्मभर आडवा पडला असतास.

"येतोय!" पद्मक्का दारात केरसुणी आपटत ओरडली. "येतोय की! गुऱ्हाळाचा हाय. बस कामाला. लेकीचं दिस भरल्यात माझ्या, बाज कवा हुनार? अन् बोलू नगंस माझ्याशी. खोटारडा मेला."

"बोलत न्हाई, अक्का."

"मग आता काय केलंस?"

नळावर कुणीतरी फस्सकन हसलं, आणि गल्ली पुन्हा सुरू झाली. तू आत येऊन बसलास. पहिली गाठ तुला पुन्हा घालावी लागली.

सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही, तुला ते आवडणार नाही. काही लोक आलेच नाहीत पुन्हा. काहींनी पाठीमागे बोलणं चालू ठेवलं. तात्या तर उन्हाळा लागेपर्यंत तुझ्या दारावरून मान वळवून जात. मग एक दिवस ते स्वतःची बाज डोक्यावर घेऊन आले आणि धाडकन ठेवून म्हणाले, "ऐकायची चूक माझ्या कानाची. तुझ्या धंद्याला कशापायी शिक्षा? घट्ट विन. जेलची वीन." तेव्हापासून तेच नाव पडलं. जेलची वीण सैल पडत नाही, असं लोक हसत म्हणू लागले, आणि तू ते मला फोनवर मोठ्या अभिमानानं सांगितलंस. खोलीचं भाडं, गोळ्या, माधवनगरहून येणारी नवार, सारं तुझ्या हातच्या कामावर निघत होतं. दिवाळीला तू मला साडी आणलीस. तिचा रंग भयंकर होता. मी ती नेसले.

आणि मग भाद्रपदातली ती दुपार. गुऱ्हाळं थंड, काहिली पालथ्या, धुराड्यांवर पावसाचं शेवाळ. निरोप मिळून मी पोचले तेव्हा तू बाजेवर कुशीवर होतास. वहाणा जोडीनं ठेवलेल्या. चष्मा भिंतीकडे. टॉवेलची घडी मानेखाली. सकाळची गोळी घेतलेली. डॉक्टर म्हणाले, नेमानं औषध घेणाऱ्यालाही क्वचित असं होतं, झोपेतच झटका येतो आणि श्वास परत येत नाही. मी त्या वहाणांकडे बघत होते. म्हणजे तुला वास आला होता. म्हणजे तू कुणाला तरी विचारलं होतंस.

तात्या उंबरठ्याबाहेर उकिडवे बसले होते. "मला इच्यारलं त्यानं," ते म्हणाले. "तात्या, वास येतोय का. मोठ्यानं इच्यारलं, मला ऐकू जावं म्हनून. मी चांगलं हुंगलं, पोरी. न्हाई रं, म्हनलो. मग गेला आत." त्यांनी आत बाजेकडे बोट केलं. "येतोय म्हनलो असतो तर बसला असता कामाला."

"तात्या, तुम्ही खरं सांगितलंत."

"खरंच सांगितलं गं. खरं सांगून बी जातंय व्हय मानूस?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. घरभर फिरून शोधते आहे. एवढं मात्र मी तुझ्यासमोर कबूल करते, की तुझी निवड बरोबर होती. शेवटच्या दिवशीही तुला खरं उत्तर मिळालं, आणि ते ऐकून तू घाबरा न होता, तुझ्या रीतीनं, स्वतः विणलेल्या बाजेवर आडवा झालास. माझ्या घरात मी तुझा हात धरून बसले असते. त्यानं तू वाचला असतास का? हा प्रश्न काही मला सोडत नाही, आणि तो विचारायलाही आता तूच नाहीस.

तू माझ्यासाठी विणलेली बाज व्हरांड्यात आहे. मी तिच्यावर कधी पाठ टेकली नाही. वाळलेल्या कपड्यांचा ढीग टाकायचे, आणि तू आलास की टोमणा मारायचास, "कपड्यास्नी झोप लागती का गं बरी?"

आता दुपार होते आहे. वास वाढला आहे. इथे आसपास गुऱ्हाळ नाही. मी यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "तुम्हालाही येतोय का वास?" त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. नीट, मनापासून श्वास घेतला.

"नाही गं," ते म्हणाले.

मी व्हरांड्यात गेले. कपडे उचलून खुर्चीवर ठेवले. चपला काढून जोडीनं लावल्या, चष्मा भिंतीकडे सारला, टॉवेलची घडी केली आणि तू व्हायचास तशी कुशीवर आडवी झाले. नवार करकरली, माझ्या वजनापुरती खाली गेली, आणि तिथे तिनं मला धरलं.